लिनक्सवर दुसरी हार्ड डिस्क दिसते, पण ॲपमध्ये उघडत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे चार प्रश्न

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण दुकानाच्या गल्ल्याशी थेट संबंध असलेला आहे. शेवटपर्यंत वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्या आखाडा बाळापूरसारख्या गावात झेरॉक्स सेंटर, फोटो स्टुडिओ, कृषी केंद्र, ऑनलाइन फॉर्मचं दुकान, सगळीकडे त्याच्या आधीचे कॉम्प्युटर आहेत. मग काय करतात? एक छोटी एसएसडी बसवतात, तिच्यावर उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकतात आणि जुनी हार्ड डिस्क डेटासाठी तशीच ठेवतात. निर्णय चांगला आहे, पैसे वाचतात.

अडचण पुढे येते. फाइल मॅनेजरमध्ये जुनी डिस्क दिसते, फोटोही उघडतात. पण एडिटिंगच्या ॲपमधून त्याच फोल्डरमध्ये गेलं की फोल्डर रिकामं दिसतं, नाहीतर 'परमिशन डिनाइड' येतं. मग कुणीतरी सल्ला देतं, "डिस्क गेली, फॉरमॅट मारा."

फॉरमॅट मारू नका. त्या डिस्कवर लग्नसराईचे फोटो असतात, उधारीची खाती असतात, गिऱ्हाइकांची कागदपत्रं असतात. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते, अडलेली असते फक्त परवानगी.

आधी गोडाऊनचं उदाहरण समजून घ्या

दुसरी डिस्क म्हणजे तुमचं गोडाऊन समजा. माल आत आहे, पण शटर उघडल्याशिवाय तो मिळत नाही. शटर उघडणं म्हणजे लिनक्समध्ये 'माउंट' करणं. शटर उघडलं तरी कुलपाची किल्ली कुणाच्या नावावर आहे, हा दुसरा प्रश्न. त्याला 'ओनरशिप' म्हणतात. आणि समजा तुमच्याकडे किल्ली आहे, पण काउंटरवरच्या पोराला तुम्ही सांगून ठेवलंय की गोडाऊनमध्ये जायचं नाही, तर तो जाणार नाही. आजकालची बरीच ॲप्स त्या पोरासारखी असतात. म्हणून चार प्रश्न, याच क्रमाने विचारा.

प्रश्न १ : कॉम्प्युटरला डिस्क दिसते का?

मेनूमध्ये 'डिस्क्स' नावाचं ॲप आहे, ते उघडा. डाव्या बाजूला दोन्ही डिस्कची नावं दिसायला पाहिजेत. दुसरी दिसतच नसेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि साटा केबल व पॉवरची वायर नीट बसवा. जुन्या कॅबिनेटमध्ये धूळ साचून वायर ढिल्या होतातच.

डिस्क दिसत असेल तर वरच्या मेनूतून 'स्मार्ट डेटा' बघा. तिथं डिस्क फेल होत असल्याचा इशारा असेल, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर बाकी सगळं सोडा. महत्त्वाचा डेटा आधी दुसरीकडे कॉपी करा. त्या डिस्कवर प्रयोग नकोत.

प्रश्न २ : शटर उघडलंय का आणि रोज उघडतंय का?

फाइल मॅनेजरमध्ये डिस्कवर क्लिक केलं की ती त्या वेळेपुरती माउंट होते. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की शटर परत खाली. आता तुमच्या ॲपला कालचा पत्ता माहीत असतो, पण सकाळी त्या पत्त्यावर काहीच नसतं. म्हणून 'काल चालत होतं, आज नाही' अशी तक्रार येते.

उपाय असा :

१. 'डिस्क्स' ॲपमध्ये त्या डिस्कचं पार्टिशन निवडा.
२. खालच्या गिअरच्या चिन्हावर क्लिक करून 'एडिट माउंट ऑप्शन्स' उघडा.
३. 'युजर सेशन डिफॉल्ट्स' बंद करा आणि 'माउंट ॲट सिस्टिम स्टार्टअप' चालू ठेवा.
४. माउंट पॉइंटमध्ये 'एमएनटी' फोल्डरखाली एक सोपं नाव द्या. नाव इंग्रजी लहान अक्षरात द्या, मध्ये स्पेस नको.
५. 'आयडेंटिफाय ॲज'मध्ये यूयूआयडी असलेला पर्याय घ्या. वायर दुसऱ्या पोर्टला लावली तरी पत्ता बदलत नाही.
६. वरच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द आहे का बघा. सहसा आधीच असतो, तो काढू नका. उद्या ती डिस्क बंद पडली तरी कॉम्प्युटर सुरू होतो. तो शब्द नसेल तर सुरू होतानाच अडकू शकतो.

कॉम्प्युटर रिस्टार्ट करून खात्री करा, मगच पुढे जा.

प्रश्न ३ : फाइल मॅनेजरमधून त्या डिस्कवर नवीन फोल्डर तयार होतं का?

ही सगळ्यात सोपी टेस्ट आहे. फोल्डर तयार होत नसेल तर दोन शक्यता आहेत.

पहिली शक्यता, डिस्क विंडोजची म्हणजे एनटीएफएस फॉरमॅटची आहे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. तशी डिस्क लिनक्सला मिळाली की डेटा बिघडू नये म्हणून लिनक्स ती फक्त वाचायला देतं किंवा माउंटच करत नाही. काम चालू असताना अचानक लाईट गेली तरी असंच होऊ शकतं. विंडोज अजून कॉम्प्युटरवर असेल तर त्यात जाऊन पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा, डिस्क एरर चेक करा आणि मग पूर्ण शटडाउन करा. विंडोज काढून टाकलं असेल तर ती डिस्क विंडोज असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चेक करून घ्या. डिस्क वाचता येत असेल तर त्याआधी डेटाची कॉपी घ्या.

दुसरी शक्यता, डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटची आहे आणि किल्ली 'रूट'च्या नावावर आहे. नवीन डिस्क तयार केल्यावर हे नेहमी होतं. 'डिस्क्स' ॲपच्या त्याच गिअर मेनूमध्ये 'टेक ओनरशिप' पर्याय आहे, त्याने किल्ली तुमच्या नावावर होते. मात्र हे फक्त डेटाच्या डिस्कवर करा. ज्या डिस्कवर लिनक्स टाकलंय तिच्यावर चुकूनही नको.

इंटरनेटवर दोन शॉर्टकट सापडतील, दोन्ही टाळा. एक, ॲप 'सुडो' लावून चालवणं. त्याने बनलेल्या फाइल रूटच्या नावावर जातात आणि उद्या तुमच्याच फाइल तुम्हाला सेव्ह करता येत नाहीत. दुसरा, सगळ्या डिस्कला ७७७ परवानगी देणं. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही अकाउंटवरून कुणीही फाइल बदलू किंवा उडवू शकतो.

प्रश्न ४ : बाकी सगळं चालतं, एकच ॲप अडतं का?

मग हा काउंटरवरच्या पोराचा प्रश्न आहे. उबंटूच्या ॲप सेंटरमधली बरीच ॲप्स 'स्नॅप' असतात. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'फ्लॅटपॅक'चा पर्याय असतो. ही ॲप्स सुरक्षेसाठी कुंपणात चालतात. तुमच्या होम फोल्डरबाहेरची डिस्क त्यांना परवानगीशिवाय दिसत नाही.

स्नॅप असेल तर : सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' उघडा, ते ॲप निवडा आणि रिमूव्हेबल स्टोरेजवर वाचा-लिहायची परवानगी चालू करा. नाव 'रिमूव्हेबल' असलं तरी आतल्या दुसऱ्या डिस्कलाही तीच लागते. ही परवानगी 'मीडिया' आणि 'एमएनटी' या फोल्डरखालीच चालते. म्हणून वर आपण एमएनटी घेतलं. डिस्क तिसऱ्याच ठिकाणी माउंट केली असेल तर बटण चालू करूनही उपयोग नाही.

फ्लॅटपॅक असेल तर : 'फ्लॅटसील' नावाचं मोफत ॲप टाका. त्यात तुमचं ॲप निवडा आणि 'फाइलसिस्टिम'खाली 'अदर फाइल्स'मध्ये डिस्कचा पूर्ण पत्ता लिहा. सगळ्या फाइल्सची परवानगी देऊ नका, गरजेपुरतं एकच फोल्डर द्या.

दोन्हीकडे ॲप पूर्ण बंद करून परत उघडा. होम फोल्डरमध्ये डिस्कचा शॉर्टकट ठेवून काम होत नाही. कुंपण खरा पत्ता बघतं. एवढं करायचं नसेल तर त्याच ॲपचं 'सिस्टिम पॅकेज' किंवा डेबियन पॅकेज मिळतं का बघा. ते सहसा कुंपणात नसतं.

धंद्याच्या नजरेने

बाळापूरहून हिंगोली किंवा नांदेडला कॉम्प्युटर घेऊन जायचं म्हणजे दिवस मोडतो आणि दुकान बंद राहतं. हे चार प्रश्न मात्र घरबसल्या विचारता येतात आणि फुकट आहेत.

ज्यांना कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकायचंय त्यांनी तर हा क्रम पाठच करा. गिऱ्हाइकाची डिस्क हातात आली की आधी डेटाची कॉपी, मग दुरुस्ती. आणि फॉरमॅट करायचंच असेल तर गिऱ्हाइकाकडून लिहून घ्या. विंडोज परत टाकता येतं, लिनक्स परत टाकता येतं, पण कुणाच्या आईच्या शेवटच्या वाढदिवसाचे फोटो परत काढता येत नाहीत. गावात धंदा नावावर चालतो, आणि एक डिस्क उडाली की ते नाव पण उडतं.

आणि हो, दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. ती त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच लाईटवर चालते. महत्त्वाचा डेटा आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क घरी ठेवा.

आज एवढंच करा : तुमच्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर 'डिस्क्स' उघडा आणि स्मार्ट डेटा बघून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. भेटूया पुढच्या व्हिडिओत.