तागा, वार, मीटर आणि कॉम्प्युटरचा ‘क्लास’

कापडाच्या पेढ्यांवर बिले आणि साठ्याचा हिशेब आता कॉम्प्युटरवर असतो. प्रोग्रॅम करून घेताना व्यापारी फक्त किंमत विचारतो. मालाची ओळख कॉम्प्युटरला कशी करून दिली आहे, हे मात्र विचारत नाही. खरा नफा-तोटा तिथेच आहे.

प्रोग्रॅममध्ये ‘व्हेरिएबल’ म्हणजे नाव लिहिलेला खण. त्या खणात कोणत्या जातीचा माल ठेवायचा, हे ‘टाइप’ ठरवतो. जावा भाषेत काही टाइप तयार मिळतात. ‘इंट’ म्हणजे पूर्णांक, ‘डबल’ म्हणजे दशांशाची संख्या, ‘बुलियन’ म्हणजे खरे किंवा खोटे. पण कॉम्प्युटरला तागा ठाऊक नाही. लांबी, पन्हा, लॉट नंबर आणि दर असे चार सुटे खण केले, तर दोनशे ताग्यांचे आठशे खण होतात. मग एकाचा दर दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही.

यावर उपाय म्हणजे ‘क्लास’. क्लास हा आपण ठरवलेला नमुना. ‘तागा’ नावाचा क्लास एकदा लिहिला की ‘इंट’प्रमाणेच ‘तागा’ हाही एक टाइप होतो. त्या नमुन्यावरून तयार झालेला प्रत्येक तागा म्हणजे ‘ऑब्जेक्ट’. त्याची चारही माहिती एकत्र राहते आणि नियमही सोबत राहतात. उदाहरणार्थ, ताग्यात तीस मीटर शिल्लक असताना चाळीस मीटर कापू द्यायचे नाही. ही पद्धत नॉर्वेमध्ये ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात ‘सिम्युला’ भाषेतून आणली. त्याबद्दल त्यांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जावामध्ये ‘तागा’ टाइपच्या खणात प्रत्यक्ष तागा नसतो, त्याच्या ठिकाणाची चिठ्ठी असते. चिठ्ठीची नक्कल केली म्हणून गोदामात दोन तागे होत नाहीत. एका चिठ्ठीवर कापड कापले की दुसऱ्या चिठ्ठीवरही तेवढेच कमी दिसते. सी प्लस प्लसमध्ये मात्र साधारणपणे ऑब्जेक्टचीच नक्कल होते. म्हणून साठा दुप्पट दिसू लागला, तर हेही तपासावे.

आता मापाकडे वळू. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. शंभर वार कापड नुसते ‘१००’ असे लिहिले आणि प्रोग्रॅमने ते मीटर समजले, तर ८.५६ मीटरचा फरक पडतो. साठ रुपये मीटर दराने ५१३ रुपये ६० पैसे झाले. ‘डबल’ला वार आणि मीटर सारखेच. म्हणून ‘लांबी’ हाही वेगळा क्लास करावा. आकडा देताना वार की मीटर हे सांगावेच लागेल आणि आत सर्व हिशेब मीटरमध्येच राहील, अशी त्याची रचना असावी. मग लांबीच्या जागी कोणी नुसता आकडा किंवा दर दिला, तर प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच कंपायलर तो नाकारतो.

ही चूक मोठमोठ्यांनाही महागात पडली आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एक प्रोग्रॅम पौंडाच्या मापात आकडे देत होता आणि पुढचा हिशेब ते न्यूटनच्या मापात आहेत असे धरून होत होता. आकडा होता, पण त्याची जात सोबत नव्हती.

अर्थात कारकुनाने ९० ऐवजी ६० टाइप केले, तर क्लास काही करू शकत नाही. तिथे माणसाचीच नजर हवी.

माप-तोलात कमी देणाऱ्यांना कुरआन शरीफच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे. काटा आणि गज आपण तपासून घेतो. आता माप प्रोग्रॅमच्या आतही असते. म्हणून प्रोग्रॅम करणाऱ्याला आधी विचारा, “आमचा तागा आणि आमची लांबी यांचे स्वतंत्र टाइप केले आहेत का?” मगच पैशांचे बोला.