बातमी ते गुप्तवार्ता : यशवंतराव चव्हाण आणि २ सप्टेंबर १९६३ चे निवेदन

लेखमाला : कृष्णाकाठ आणि देशाची सुरक्षा – लेखांक पाचवा

मागील लेखांकात सातारच्या सैनिक शाळेचा, म्हणजे २३ जून १९६१ रोजी सुरू झालेल्या देशातील पहिल्या सैनिक शाळेचा, परामर्श घेताना लष्करी अधिकारी कसा घडतो याचा विचार झाला. त्या अधिकाऱ्याला लढाईपूर्वी जे ज्ञान हाती असावे लागते ती लष्करी गुप्तवार्ता आणि तिच्यातील दोष संसदेपुढे उघडपणे मांडणारे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे. चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात होते आणि आज ते सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोडते. शालेय शिक्षण आणि सार्वजनिक जीवनाची उभारणी मात्र कराडची, त्यामुळे दोन्ही जिल्हे त्यांच्यावर हक्क सांगतात आणि दोहोंचाही हक्क रास्तच आहे. शिवकालीन हेरव्यवस्थेचे प्रमुख बहिर्जी नाईक यांची समाधी म्हणून जे स्थळ परंपरेने दाखवले जाते, तो बाणूरगडही याच खानापूर तालुक्यातला, हा निव्वळ योगायोग असला तरी विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

गुप्तवार्ता आणि बातमी हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी शास्त्रात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. अमुक खिंडीपलीकडे खेचरांचा तांडा दिसला, ही बातमी होय. तो तांडा कोणत्या तुकडीचा, ती तुकडी पूर्वी कोठे होती, एवढ्या खेचरांवर किती दिवसांचा शिधा आणि दारूगोळा वाहता येतो, आणि त्यावरून शत्रूचा बेत काय असावा, असा तिचा उलगडा करून ती योग्य अधिकाऱ्याच्या हाती वेळेत पडली म्हणजे तिची गुप्तवार्ता होते. म्हणून या कामाच्या तीन पायऱ्या मानल्या जातात : माहितीचे संकलन, तिचे मूल्यमापन आणि तिची प्रसृती, म्हणजे ज्याला तिचा उपयोग आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचवणे.

चव्हाणांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा या तिन्ही पायऱ्या ढासळल्याचे परिणाम देशापुढे होते. चीनशी सुरू असलेल्या युद्धात बोमडिला पडले होते, आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले होते, लष्करप्रमुख थापर यांच्या जागी जनरल जयंतनाथ चौधरी आले होते आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य महाराष्ट्रात आजही अभिमानाने उच्चारले जाते. परंतु सह्याद्रीच्या, म्हणजे चव्हाणांच्या, वाट्याला प्रत्यक्षात आले ते युद्ध नव्हे, तर युद्धानंतरचा हिशेब. तो हिशेब तपासण्याचे काम लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांच्याकडे सोपवण्यात आले. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, आदेशव्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनानींची कुवत हे त्यांच्या चौकशीचे नेमून दिलेले विषय होते. त्यांचा अहवाल गुप्त ठेवण्यात आला, मात्र त्यातील निष्कर्षांचे सार सांगणारे निवेदन चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत केले आणि त्यात गुप्तवार्तेला स्वतंत्र स्थान दिले.

या निवेदनाचे वैशिष्ट्य असे की, त्यात गुप्तवार्ता अपुरी पडली एवढेच मोघम सांगून विषय संपवलेला नाही, तर ती कोणत्या पायरीवर अपुरी पडली हे वेगवेगळे करून दाखवले आहे. माहिती मिळवण्याचे काम संथ होते आणि ती कळवण्याची रीत मोघम होती. मिळालेल्या माहितीवरून चिनी जमवाजमवीचे स्पष्ट चित्र तयार झाले नाही, कारण नव्या हालचालींची जुन्या तैनातीशी सांगड घातली गेली नाही. आणि जे काही तयार झाले ते आघाडीवरील तुकड्यांना पुरेशा वेगाने पोहोचले नाही, असा त्याचा आशय होता.

यातील दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असून सहसा त्याच्याकडेच दुर्लक्ष होते. शत्रूच्या प्रत्येक तुकडीची नोंद ठेवण्याची लष्करात एक पद्धत असते. तुकडीचा क्रमांक, तिचा प्रकार, सेनानी, शस्त्रे, शेवटची दिसल्याची जागा आणि तारीख अशा त्या नोंदी असतात आणि नवी बातमी आली की ती आधीच्या नोंदीशी ताडून पाहिली जाते. कृष्णाकाठच्या वाचकाला हे साखर कारखान्याच्या ऊसनोंदीवरून चटकन समजेल. यंदाचा उभा ऊस नवी लागण आहे की गेल्या वर्षीच्या उसाचा खोडवा आहे, हे शेतकी विभागाच्या नोंदवहीत स्पष्ट नसेल, तर एकच फड दोनदा मोजला जाऊन किंवा अजिबात सुटून गाळपाचा अंदाज कोलमडतो. तिबेटात दिसलेले सैनिक नव्याने आलेले आहेत की जुनेच इकडून तिकडे हललेले आहेत, हे आघाडीवरच्या सेनानीला सांगता आले नाही, ते अशा ताडणीच्या अभावी.

संकलनातील मोघमपणा नामका चू नदीकाठच्या ढोला ठाण्यावर पाहावयास मिळतो. ८ सप्टेंबर १९६२ रोजी थागला कड्यावरून चिनी सैनिक उतरले, तेव्हा ठाण्याकडून त्यांची संख्या सहाशे अशी कळवली गेली. प्रत्यक्ष संख्या त्याहून बरीच कमी होती आणि मदत लवकर यावी म्हणून आकडा फुगवला गेला, असे नंतर प्रसिद्ध झालेल्या युद्धवृत्तांतांत नमूद आहे. एकाकी ठाण्यावरील माणसाने असे करणे समजण्यासारखे आहे. दोष त्याच्या आकड्यात नव्हता, तर तो आकडा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पडताळून पाहण्याची सोय वरच्या मुख्यालयांत नव्हती, यात होता.

प्रसृतीचा दोष मात्र केवळ वरून खाली जाणाऱ्या माहितीपुरता नव्हता, खालून वर जाणारे इशारेही वाटेत अडत होते. पूर्व विभागाचे सेनानी लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात, हे शेजारच्या कोल्हापूर भागातले, यांनी मार्च १९६० मध्ये लखनौ येथे ‘लाल किल्ला’ या नावाचा युद्धसराव घेऊन ईशान्य सीमेवर चिनी आक्रमण कसे होऊ शकेल आणि अपुऱ्या सैन्याने मोर्चे कसे कोसळतील, याचे चित्र मांडले होते. आपले मूल्यांकन कृष्ण मेनन यांनी झिडकारले आणि नेहरूंना ते पराभवानंतरच समजले, असे थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. चव्हाणांच्या निवेदनात या बाजूला जवळजवळ स्थान नाही. युद्धाच्या सर्वोच्च संचालनाबद्दल त्यात एवढेच म्हटले आहे की, उत्तम सुसज्ज सैन्यालाही सरकारकडून धोरणात्मक मार्गदर्शन आणि मुख्य निर्देश मिळावे लागतात. हे विधान बिनचूक आहे, पण ते मार्गदर्शन १९६२ मध्ये कोणी आणि कसे दिले, हा प्रश्न ते ओलांडून जाते. नेहरू पंतप्रधान असताना त्यांच्याच मंत्रिमंडळातील मंत्र्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे ठरेल. तरीही अहवाल बंद राहिला आणि संसदेच्या हाती केवळ सार आले, ही उणीव उरतेच. २०१० मध्येही सरकारने संसदेत तो अतिसंवेदनशील असल्याचेच सांगितले आणि मार्च २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग स्वतःहून प्रसिद्ध केला.

निवेदनात चव्हाणांनी गुप्तवार्तेच्या पुनर्रचनेकडे आपण जातीने लक्ष देत असल्याचे सांगितले, परंतु येथे एक घटनात्मक नसली तरी प्रशासकीय अडचण होती. सीमेपलीकडील माहिती गोळा करण्याचे मुख्य काम इंटेलिजन्स ब्युरोकडे, म्हणजे सामान्यतः आयबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुप्तवार्ता विभागाकडे होते, १९५० पासून भोलानाथ मलिक त्याचे संचालक होते आणि तो विभाग गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत होता. संरक्षणमंत्र्याच्या थेट कक्षेत येत होते ते सैन्याचे स्वतःचे गुप्तवार्ता संचालनालय, ज्याचा भर रणांगणाजवळच्या माहितीवर असे. ज्या यंत्रणेने माहिती आणायची तिनेच तिचे मूल्य ठरवायचे, अशी ही रचना होती. पडताळणीसाठी असलेली संयुक्त गुप्तवार्ता समिती दुर्बळ होती आणि ती १९६५ मध्ये मंत्रिमंडळ सचिवालयाकडे नेण्यात आली.

चव्हाणांच्या हाती जे होते त्याचा त्यांनी उपयोग केला. तिन्ही सेनाप्रमुख आणि संरक्षण सचिव यांच्यासमवेत रोज सकाळची बैठक त्यांनी सुरू केली, तिचे महत्त्व बाहेरून दिसते त्याहून मोठे आहे, कारण मेनन यांच्या काळात मंत्री आणि सेनाप्रमुख यांच्यातील विश्वास आटला होता आणि वर सांगितलेली तिसरी पायरी अखेर अशा टेबलाभोवतीच पुरी होते. आशियाचे चित्रही याच वर्षांत बदलत होते : २ मार्च १९६३ रोजी चीन आणि पाकिस्तान यांच्यात सीमाकरार झाला आणि १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने लोप नोर येथे पहिला अणुस्फोट केला. एकाच वेळी दोन सीमा सांभाळाव्या लागतील हे गृहीत धरून सव्वाआठ लाखांचे सैन्य, त्यात दहा पर्वतीय डिव्हिजन आणि हवाई दलाच्या ४५ स्क्वॉड्रन, असे उद्दिष्ट १९६४ च्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत ठरले.

पुढे नोव्हेंबर १९६६ मध्ये चव्हाण गृहमंत्री झाले आणि ज्या गुप्तवार्ता विभागावर संरक्षणमंत्री म्हणून त्यांचा ताबा नव्हता, तो आता त्यांच्याच मंत्रालयाखाली आला. मात्र सप्टेंबर १९६८ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्याची विदेशी शाखा काढून घेऊन रिसर्च अँड अॅनालिसिस विंग, म्हणजे ‘रॉ’ ही संघटना मंत्रिमंडळ सचिवालयात स्थापन केली. १९६३ मध्ये ज्यांनी या यंत्रणेचे दोष संसदेला सांगितले, त्यांच्याच हाती ती आल्यावर दोन वर्षांच्या आत तिचा सीमेपलीकडे पाहणारा डोळा दुसऱ्या खात्यात गेला.

१९६३ आणि १९६८ या दोन टोकांच्या मध्ये पाकिस्तानशी झालेले १९६५ चे युद्ध येते. त्या युद्धात घुसखोरांची पहिली खबर काश्मीरच्या एका गुराख्याने दिली आणि पाकिस्तानच्या दुसऱ्या चिलखती डिव्हिजनचा मात्र यंत्रणेला आधी पत्ता लागला नाही. १ सप्टेंबरच्या दुपारी हवाई दलाला हल्ल्याची परवानगी देताना चव्हाणांपुढे कोणती माहिती होती, याचा विचार पुढील आठवड्याच्या लेखांकात येईल.