माडीवरचा खेळ दिवाणखान्यांत

(नभोवाणीवरील भाषण)

गिरगांवांतील खोताच्या वाडींत माझे एक जुने स्नेही राहतात. ज्यांनीं ही वाडी पाहिली आहे त्यांना तिचें वर्णन करून सांगावयास नको. ज्यांनीं पाहिली नसेल त्यांच्यासाठीं इतकेंच सांगतों कीं, दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें अंग चोरावें अशा गल्ल्या, पुढें लांकडी कठड्याची ओसरी, आणि माडीवर जाण्यासाठीं बाहेरच्या अंगानें चढविलेला जिना, अशा धर्तीचीं घरें तेथें अजून उभीं आहेत. एके काळीं अशीं ६५ घरें होतीं. आज त्यांतलीं निम्मींहि उरलेलीं नाहींत.

स्नेह्यांच्या घरांत खालीं दिवाणखाना आहे व त्यांत चांगला मोठा टेलिव्हिजन आहे. वर माडीवर एकच खोली. तींत त्यांच्या चिरंजिवांचा संगणक. चिरंजीव महाविद्यालयांत शिकतात. सायंकाळीं घरीं आले कीं जेवणाची हांक येईपर्यंत ते वर असतात आणि संगणकावर खेळ खेळतात. स्नेह्यांच्या मातोश्रींना गुडघ्यांमुळें जिना चढणें आतां साधत नाहीं. "नातू घरांत आहे हें मला त्याच्या पावलांच्या आवाजावरून कळतें," असें त्या मला एकदां म्हणाल्या. तक्रारीच्या सुरांत नव्हे. पाऊस पडतो आहे असें सांगावें तसें.

संगणक वरच ठेवावा, पण त्यावरील खेळाचें चित्र खालच्या टेलिव्हिजनवर आणावें आणि आपण सर्वांमध्यें बसून खेळावें, ही कल्पना चिरंजिवांनींच काढली. कल्पना उत्तम होती. प्रयोग मात्र फसला. चित्र मध्येंच गोठे, मध्येंच त्याचे चौकोनी तुकडे पडत, आणि उडी मारण्याचें बटण दाबलें तर पडद्यावरचा गडी आधीं खड्ड्यांत पडे व मग उडी मारी. कोणी तरी सल्ला दिला कीं, इंटरनेट अधिक वेगाचें घ्या. स्नेह्यांनीं दरमहाचा खर्च वाढवून तेंहि घेतलें. गडी पूर्वींप्रमाणेंच खड्ड्यांत पडत राहिला. हा सल्ला आपल्या शहरांत घरोघर दिला जातो आणि घरोघर पैसे वायां जातात. म्हणून तो कां चुकीचा आहे तें आज सांगावें असें मीं योजिलें आहे.

प्रथम या व्यवहारांत घडतें काय तें पाहूं. खेळ चालतो तो वरच्या संगणकांतच. संगणक खेळाचें एक चित्र तयार करतो, तें दाबून लहान करतो, घरांतल्या राउटरच्या द्वारें टेलिव्हिजनकडे पाठवितो. टेलिव्हिजन तें उलगडून दाखवितो. खालीं बसलेल्या खेळणाऱ्यानें कंट्रोलरवरचें बटण दाबलें कीं ती खबर त्याच मार्गानें उलट वर जाते, आणि पुढचें चित्र तिला अनुसरून तयार होतें. हें सेकंदाला ६० वेळां घडतें. म्हणजे एका चित्राच्या वांट्याला सेकंदाच्या हजार भागांपैकीं सोळा-सतरा भाग येतात.

आतां आंकडे पाहा. टेलिव्हिजनच्या पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८० ठिपके धरले तर एका चित्रांत २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ बिट, आणि अशीं ६० चित्रें, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३०० कोटी बिट. हा बोजा घरांतील कोणत्याहि साध्या राउटरला पेलणारा नाहीं. म्हणून संगणक चित्राचे लहान लहान चौकोन पाडतो आणि मागच्या चित्राशीं तुलना करून, कोणता चौकोन जागचा हलला, कोणता बदलला, एवढेंच कळवितो. भिंत, आकाश, जमीन जशीच्या तशी असेल तर तिच्याविषयीं जवळजवळ मौन पाळतो. या दाबण्याच्या पद्धतींपैकीं सर्वांत रूढ अशी जी एच.२६४, ती २००३ सालीं प्रमाणभूत ठरली. तिच्या योगानें ३०० कोटींचा बोजा दोन कोटींवर, म्हणजे दीडशाव्या हिश्श्यावर, आणतां येतो आणि डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाहीं. अलीकडच्या ग्राफिक्स कार्डांत एवढ्या एका कामासाठीं स्वतंत्र भागच असतो.

येथें कोणी विचारील कीं, सेकंदाला दोन कोटी बिटांचा सिनेमा तर आम्ही रोज पाहतों. तो कोठें अडखळतो? सिनेमा आणि खेळ यांतला भेद हा या विषयाचा गाभा आहे, आणि तो समजण्यासाठीं गिरगांवकरांना दूर जावयास नको. वाडींत नळाला पाणी ठराविक वेळीं येतें. आपण पिंप भरून ठेवतों, आणि मग नळ कोरडा पडला तरी दिवसभर तांब्या भरून निघतो. सिनेमा हा पिंपांतला असतो. पुढच्या कांहीं सेकंदांचीं चित्रें टेलिव्हिजन आधींच साठवून बसलेला असतो, म्हणून मार्गांत क्षणभर खोळंबा झाला तरी पाहणाराला त्याचा पत्ता लागत नाहीं. खेळाचें पिंप भरतां येत नाहीं. पुढचें चित्र कसें असेल तें तुमच्या अंगठ्यावर अवलंबून, आणि अंगठा अजून हललेलाच नाहीं! तेथें नळाला तोंड लावूनच पाणी प्यावें लागतें. नळ एकदां उचकला कीं ठसका लागतो. शिवाय प्रत्येक चित्र मागच्या चित्राच्या आधारानें सांगितलेलें असल्यामुळें एखादा तुकडा वाटेंत हरवला तर त्याचा डाग पुढच्या कित्येक चित्रांवर राहतो. ते चौकोनी तुकडे दिसत होते ते हेच.

तेव्हां प्रश्न पाण्याच्या प्रमाणाचा नसून त्याच्या अखंडपणाचा आहे. आणि इंटरनेटच्या वेगाशीं तर त्याचा संबंधच नाहीं. माडीवरून दिवाणखान्यांत चिठ्ठी द्यावयाची तर ती कोणी बोरीबंदरच्या मोठ्या पोस्टांतून पाठवीत नाहीं. संगणकाकडून निघालेलें चित्र राउटरपर्यंत जातें आणि तेथून टेलिव्हिजनकडे वळतें. घराचा उंबरठा तें ओलांडीत नाहीं. बाहेरची जोडणी त्या वेळीं बंद पडलेली असली तरी हा खेळ चालूं शकतो. स्नेह्यांनीं वाढीव रक्कम भरली ती उंबरठ्याबाहेरच्या रस्त्यासाठीं. गर्दी होती ती घराच्या आंत.

गर्दी कसली? हवेंतली. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र मुंबईस सुरू झालें, तेव्हां बोलणारा एक आणि ऐकणारे पुष्कळ अशी व्यवस्था होती. आज घराघरांतला राउटर हें एक लहानसें नभोवाणी केंद्रच आहे, आणि खोताच्या वाडीसारख्या ठिकाणीं, जेथें शेजाऱ्याची खिडकी हात लांब केला कीं लागते, तेथें अशीं डझनावारी केंद्रें एकाच वेळीं बोलूं पाहतात. मीं स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत बसून फोनवर पाहिलें, तों शेजारपाजारच्या राउटरांचीं नांवें पडद्यावर मावेनात. वायफायचा नियम सभ्य माणसाचा आहे: आधीं ऐकावें, कोणी बोलत नसेल तर बोलावें. परंतु २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणारीं चॅनेलें अवघीं तीन. १, ६ आणि ११. साऱ्या आळीनें त्या तीन चॅनेलांवर पाळीपाळीनें बोलावयाचें. त्यांत भर म्हणून मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यांत गोंगाट करतो, आणि बिनतारी कंट्रोलरहि बहुधा तेथेंच बोलत असतो. आपलें चित्र आपली पाळी येईपर्यंत थांबतें. सिनेमाला हें थांबणें खपतें; सोळा हजारांश सेकंदांची मुदत असलेल्या खेळाला खपत नाहीं.

त्यांतून या घरीं आणखी एक गोष्ट होती. संगणकहि बिनतारी आणि टेलिव्हिजनहि बिनतारी. म्हणजे प्रत्येक चित्राला हवेंतून दोनदां प्रवास: एकदां माडीवरून राउटरपर्यंत, आणि पुन्हां राउटरपासून टेलिव्हिजनपर्यंत. दोन्ही वेळां रांगेंत उभें राहणें आलें. आणि राउटर तरी कोठें? दिसायला बरा दिसत नाहीं म्हणून ओसरीलगतच्या लांकडी कपाटांत, पितळेच्या भांड्यांच्या मागें! धातूच्या आड लहरी अडतात हें सांगितल्यावर मातोश्रींनीं भांडीं हलविण्यास परवानगी दिली, पण कपाटावर ठेवलेला राउटर त्यांना अजून आवडलेला नाहीं.

उपाय असा केला. संगणक आणि राउटर यांच्यामध्यें एक इथरनेटची तार टाकली. तारेंत शेजारी बोलत नाहींत. तेथें संदेशास लागणारा वेळ सामान्यतः एक हजारांश सेकंदाहूनहि कमी असतो, आणि मुख्य म्हणजे तो दर वेळीं जवळपास तितकाच असतो. अशी तार शंभर मीटरपर्यंत चालते. आम्हांस पंधरा मीटर पुरली. घर जुनें, लांकूड सागवानी. त्याला नवें भोंक पाडण्यास स्नेह्यांचें मन घेईना, आणि त्यांचें बरोबर होतें. अशा घरांतला एक खांब बिघडला तर तसा दुसरा सुताराकडून करून घेणें आज सोपें राहिलेलें नाहीं. म्हणून तार माडीच्या खिडकीवरच्या झरोक्यांतून बाहेर काढली, जिन्याच्या पोटाखालून उतरविली आणि ओसरीच्या झरोक्यांतून आंत घेतली. विजेच्या तारेची पट्टी जवळच होती. तींत मात्र ती घातली नाहीं. विजेची तार आणि संदेशाची तार यांनीं एका पट्टींत राहूं नये हें उत्तम.

टेलिव्हिजनलाहि तार द्यावी असा माझा आग्रह होता, पण ती दाराच्या उंबरठ्यावरून न्यावी लागली असती, आणि जिना चढतां येत नाहीं त्या बाईंना तारेंत पाय अडकून पडण्याचा धोका उत्पन्न करणें हें कोणत्याहि खेळाच्या मोबदल्यांत परवडणारें नव्हतें. तेव्हां टेलिव्हिजन बिनतारीच ठेवून ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेला. या पट्ट्यांत चॅनेलें पुष्कळ. भारत सरकारनें ऑक्टोबर २०१८ मध्यें त्याचा मोठा भाग विनापरवाना वापरास मोकळा केला. त्याच्या लहरी भिंतींतून कष्टानें जातात, हा त्यांचा दोष मानला जातो. दाट वस्तींत हाच गुण ठरतो. आपल्या लहरी बाहेर फारशा जात नाहींत आणि शेजाऱ्यांच्या आंत फारशा येत नाहींत. राउटर व टेलिव्हिजन एकाच दालनांत, दृष्टीच्या टप्प्यांत असल्यावर आणखी काय हवें? ज्यांच्या घरीं टेलिव्हिजनला तार देण्याची सोय असेल त्यांनीं ती अवश्य द्यावी. कित्येक टेलिव्हिजनांचें तारेचें भोंक सेकंदाला दहा कोटी बिटांचेंच असतें. पण आपल्याला दोन कोटी पुरतात, तेव्हां त्यानें खिन्न होऊं नये. दोहोंपैकीं एकच तार शक्य असेल तर ती आधीं संगणकाला द्यावी.

इतकें होऊनहि बटण आणि उडी यांत थोडें अंतर जाणवतच होतें. दोषी निघाला टेलिव्हिजन. चित्र अधिक सुंदर दिसावें म्हणून तो प्रत्येक चित्रावर आपल्या परीनें संस्कार करीत बसतो, आणि त्यांत कधीं कधीं शंभराच्या आसपास हजारांश सेकंद घालवितो. खेळासाठीं 'गेम मोड' नांवाची योजना बहुतेक टेलिव्हिजनांत असते. ती चालू केली कीं हे संस्कार थांबतात. रंग किंचित् फिके दिसतात, हात मात्र मोकळा होतो. एवढी एक कळ फिरविण्यास कांहीं खर्च नाहीं, म्हणून ज्यांना हा त्रास आहे त्यांनीं तिच्यापासूनच आरंभ करावा.

साधनांविषयीं थोडक्यांत. स्टीम या खेळांच्या दुकानानें घरच्या घरीं चित्र पाठविण्याची सोय २०१४ मध्यें सर्वांना दिली, आणि २०१५ च्या नोव्हेंबरांत त्यासाठीं स्टीम लिंक नांवाची लहानशी पेटी विकावयास काढली. तीन वर्षांनीं पेटीची विक्री बंद झाली व तिचें काम टेलिव्हिजनांत आणि फोनांत घालावयाच्या ॲपकडे गेलें. एनव्हिडिया कंपनीची गेमस्ट्रीम ही सोयहि अशीच लोकप्रिय होती. ती कंपनीनें २०२३ मध्यें आवरती घेतली. परंतु अमेरिकेंतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं तिच्यासाठीं मूनलाइट नांवाचें जें स्वतंत्र ॲप रचिलें होतें, तें राहिलें. आणि संगणकाच्या बाजूचें काम सनशाइन नांवाच्या दुसऱ्या एका मुक्त प्रणालीनें उचललें. दोन्ही विनामूल्य आहेत व त्यांची घडण कोणालाहि पाहतां येते. आम्हीं हीच जोडी वापरली. कंपन्यांच्या सोयी वाईट असतात असें नव्हे, पण मालकानें दार लावलें कीं भाडेकरूचें कांहीं चालत नाहीं, हें गिरगांवांत राहणाऱ्यास निराळें सांगावयास नको. मूनलाइटमध्यें आणखी एक उपयोग आहे: चित्राला वाटेंत किती वेळ लागला आणि किती तुकडे हरवले याचे आंकडे तें पडद्याच्या कोपऱ्यांत दाखवूं शकतें. त्यामुळें कोणाच्या सल्ल्यानें पैसे खर्चण्याआधीं दोष कोठें आहे तें आपल्या डोळ्यांनीं पाहतां येतें.

तारेच्या एका टोंकाला शोभेल इतकेंच यश मिळालें असें म्हणतों, कारण निमिषार्धांत गोळी झाडण्याचे जे खेळ आहेत ते चिरंजीव अजून माडीवरच खेळतात. तेथें चार-दोन चित्रांचा उशीर देखील त्यांना सोसत नाहीं. फुटबॉल, मोटारींच्या शर्यती आणि तो खड्ड्यावरून उड्या मारणारा गडी, हे खालीं आले आहेत. टेलिव्हिजनवर आतां दोघांचा हक्क झाल्यामुळें सात ते साडेआठ ही वेळ मातोश्रींच्या मालिकांसाठीं राखून ठेवावी लागली. त्यानंतर त्या उठून जात नाहींत. मी गेल्या खेपेस गेलों तेव्हां नातवाच्या शेजारीं बसून त्या विचारीत होत्या, "अरे, त्या दगडावर तूं दर वेळेला कां चढतोस? खालून वाट आहे कीं!" आणि खालून खरोखरच वाट होती.

तार अजून जिन्याखालीं उघडीच आहे. ती घरांत वापरावयाच्या जातीची असल्यामुळें तिचें आवरण पावसांत टिकावयाचें नाहीं; मिरगाच्या आधीं ती नळींत घालून घ्यावी, असें स्नेह्यांना सांगून आलों आहें.