जलवितरण जाळ्याच्या संगणकीय प्रारूपाचे सुलभीकरण : चंदनसार परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

चार नगरपरिषदा व लगतची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. सूर्या, उसगाव, पेल्हार व पापडखिंड हे शहराच्या पाणीपुरवठ्याचे परिचित स्रोत होत. ४०३ दशलक्ष लिटर दैनिक क्षमतेच्या सूर्या प्रादेशिक योजनेत या शहराचा वाटा १८५ दशलक्ष लिटरांचा आहे. तथापि धरणातील पाणी वाढले म्हणजे प्रत्येक नळाला ते पोहोचतेच असे नाही. विरार पूर्वेकडील चंदनसारसारख्या भागात गावठाणातील घरे, चाळी व बहुमजली इमारती शेजारी शेजारी आहेत. अशा ठिकाणी शेवटच्या नळाचा दाब अंतर्गत जाळ्यावर अवलंबून असतो. या जाळ्याचा संगणकीय अभ्यास करताना प्रारूप किती सोपे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारूप व सुलभीकरणाची गरज

प्रारूपात जलकुंभ, पंप, झडपा व जलवाहिन्या यांची नोंद असते. वाहिन्या जेथे मिळतात किंवा पाणी जेथे घेतले जाते, त्या बिंदूंना नोड म्हणतात. प्रत्येक नोडचा दाब व प्रत्येक वाहिनीतील प्रवाह काढण्याची हस्तगणिताची पद्धत हार्डी क्रॉस यांनी १९३६ साली मांडली. आज हे काम एपानेट हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मोफत सॉफ्टवेअर क्षणार्धात करते. त्याची पहिली आवृत्ती १९९३ साली प्रसिद्ध झाली.

नकाशातील प्रत्येक लहान वाहिनी प्रारूपात घेतल्यास नोडांची संख्या हजारोंच्या घरात जाते. माहितीतील चुका शोधणे आणि प्रत्यक्ष मोजमापांशी मेळ घालणे त्यामुळे कठीण होते. म्हणून जाळ्याचा केवळ सांगाडा ठेवण्याची प्रथा पडली.

सुलभीकरणाच्या तीन रीती

पहिली रीत एकापुढे एक जोडलेल्या वाहिन्यांच्या एकत्रीकरणाची. हेझन-विल्यम्स सूत्रानुसार घर्षणाने होणारी दाबाची घट व्यासाच्या ४.८७ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे १५० मिमी व्यासाची ३०० मीटर वाहिनी ही १०० मिमी व्यासाच्या सुमारे ४२ मीटर वाहिनीच्या तोडीची ठरते. तिच्यापुढे १०० मिमीची २०० मीटर वाहिनी असल्यास दोहोंऐवजी १०० मिमीची २४२ मीटर लांबीची एकच वाहिनी घेता येते.

दुसरी रीत समांतर वाहिन्यांची. समान लांबीच्या १०० मिमीच्या दोन वाहिन्यांच्या जागी सुमारे १३० मिमीची एक वाहिनी पुरते. २०० मिमीची लागत नाही.

तिसरी रीत फांद्या छाटण्याची. मुख्य वाहिनीपासून फुटून पुढे बंद होणारी शाखा काढून टाकतात व तिची मागणी ती जेथून फुटते त्या नोडवर टाकतात. डब्ल्यूएनटीआर या पायथन भाषेतील मुक्त संचात या तिन्ही रीती आहेत. ठरावीक व्यासाखालील वाहिन्या तो आपोआप गाळतो आणि कोणता मूळ नोड कोठे विलीन झाला याची नोंदही देतो.

खंडित पुरवठ्यातील धोका

तिसरी रीत निरुपद्रवी वाटते, कारण ती बहुतांशी चोवीस तास पुरवठ्याच्या शहरांच्या अनुभवावर आधारलेली आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी सोडले जाते. हा फरक किती मोठा आहे, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

एका चाळीत ६० कुटुंबे, म्हणजे ३०० माणसे, राहतात. दरडोई १३५ लिटरप्रमाणे त्यांना दररोज ४०,५०० लिटर पाणी लागते. चाळीकडे ५० मिमी व्यासाची १०० मीटर लांब शाखा जाते व तिचा हेझन-विल्यम्स गुणांक १०० आहे. हे पाणी चोवीस तासांत समप्रमाणात वाहिले, तर प्रवाह सेकंदाला ०.४७ लिटर होतो आणि शाखेत दाबाची घट अवघी ०.३ मीटर होते. अशी शाखा छाटल्याने विशेष बिघडत नाही. परंतु तेच पाणी दोन तासांत द्यावयाचे झाल्यास प्रवाह बारापट होतो. घट प्रवाहाच्या १.८५२ व्या घाताने वाढत असल्याने ती सुमारे शंभरपट, म्हणजे ३१ मीटर होते.

केंद्र शासनाच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत एकमजली इमारतीसाठी ७ मीटर व दुमजलीसाठी १२ मीटर किमान दाब सांगितला होता. रस्त्यावरील नोडवर २० मीटर दाब असला, तरी ३१ मीटरची घट त्याला सोसणारी नाही. प्रत्यक्षात चाळीला अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी पाणी मिळेल. मात्र शाखा छाटलेल्या प्रारूपात मागणी रस्त्यावरच पूर्ण झालेली दिसेल व अहवालात पुरवठा समाधानकारक ठरेल. रहिवाशांची तक्रार खरी असूनही संगणक ती खोटी ठरवील.

पाण्याच्या गुणवत्तेबाबतही हेच घडते. भारतीय मानकानुसार पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन अपेक्षित आहे. क्लोरीन सर्वाधिक घटण्याचा संभव शाखेच्या टोकाशी असतो आणि छाटलेल्या प्रारूपात ते टोकच उरत नाही.

उपाययोजना

सुलभीकरणाची मर्यादा अभ्यासाच्या हेतूवरून ठरवावी. जलकुंभाची क्षमता वा मुख्य वाहिनीचा व्यास ठरविण्यास सांगाडा पुरेसा आहे. समन्यायी वाटपाचा प्रश्न असेल, तर व्यासाची एकच मर्यादा लावू नये. उंचावरील, टोकावरील व दाट वस्तीच्या शाखा आधी निश्चित करून त्या राखाव्यात. मागणी चोवीस तासांवर न पसरता प्रत्यक्ष पुरवठ्याच्या वेळेत दाखवावी. दाबानुसार मिळणारे पाणी काढण्याची सोय एपानेटच्या २०२० मधील २.२ आवृत्तीत आली आहे. तिचा उपयोग करावा. शेवटी, मूळ व सुलभ प्रारूपांतील दाबांची तुलना पुरवठ्याच्या वेळेसाठी करावी आणि राखलेल्या टोकांवर दाबमापक लावून पडताळणी करावी.

समारोप

सुलभीकरण ही गणिती सोय असली, तरी कोणती वाहिनी गाळावी हा निर्णय केवळ गणिती नसतो. खंडित पुरवठ्याच्या शहरात सर्वांत लहान वाहिनीच्या टोकाशी बहुधा सर्वांत कमी पाणी मिळणारी वस्ती असते. चंदनसारसारख्या परिसराचे प्रारूप करताना ते टोक प्रारूपात राहिले, तरच तेथील टंचाई नियोजनकर्त्यांच्या दृष्टीस पडेल.