गॅलरीत ऊन कुठून येतं?

पावसाळ्यातली रात्र, साडेनऊचा सुमार. गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरून निरोप सुटतो, ‘आज उमलणार हो!’ परवापर्यंत खाली लोंबणारी कळी आज मान वर करून टपोरी झालेली असते. दहानंतर पाकळ्या सुटू लागतात, वास जिन्यापर्यंत पोचतो. शेजारपाजार जमतो, कुणी हळदकुंकू वाहतं, मुलं पेंगुळतात पण जागची हलत नाहीत. पहाटे फूल मान टाकतं.

याला सगळी मुंबई ब्रह्मकमळ म्हणते. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. चाळीतलं हे झाड निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. पण याला वाळवंट मानवत नाही. तिकडच्या जंगलात ते झाडांच्या फांद्यांवर, बेचक्यात साठलेल्या ओंजळभर पाचोळ्यात वाढतं. पानांतून झिरपणारं ऊन, दमट हवा, पाणी धरून न ठेवणारी मोकळी माती एवढंच त्याला हवं असतं. गिरगावातल्या गॅलरीत पहिल्या दोन गोष्टी आयत्याच मिळतात. म्हणून नुसतं पान खोचलं तरी ते रुजतं आणि दोन-तीन वर्षांत कळ्या धरतं.

फुलावर जीव जडला म्हणून रोप घेण्याआधी आपली गॅलरी ओळखायला हवी, ती अशी.

पहिली ओळख उन्हाची. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून १५ मेच्या आणि २७ जुलैच्या आसपास सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन पार घरात शिरतं आणि मे महिन्यात कठड्यावरही टिकत नाही. उत्तरेच्या गॅलरीत नेमकं उलटं. दक्षिणेच्या गॅलरीत जानेवारीत भरभरून फुललेली जास्वंद मे महिन्यात नुसती पानंच काढू लागली, तर खताचा डबा उघडण्याआधी हे आठवावं. पूर्वेच्या कोवळ्या उन्हात जास्वंद सुखी असते. मोगऱ्याला निदान पाच-सहा तास ऊन हवं, आणि थंडी सरताना छाटणी केली तर उन्हाळ्यात तो बहरतो. पश्चिमेची दुपार रणरणती, त्यातून चौपाटीजवळ खारा वाराही. तिथे बोगनवेल लावावी. तिचा रंग फुलांचा नसून फुलांभोवतीच्या कागदी पानांचा असतो. खरं फूल आत, बारीक, पांढरट. मुळं जरा तहानलेली राहिली की रंग खुलतो. रोज पाणी घातलं की ती नुसती हिरवी होत जाते.

परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि कित्येक चाळींचं ऊन तासांनी कमी झालं. गणपतीला रोज घरचं फूल देणारी जास्वंद त्या सावलीत मुकी झाली, यात घरच्या माणसांचा काही दोष नाही. तिथे मनीप्लांट, नेचे, ड्रसिना अशी पानांची शोभा धरावी.

शेवंतीची अडचण वेगळी. तिला कळी धरायला मोठी रात्र लागते, तीही सलग अंधाराची. चाळीच्या सामायिक गॅलरीतला दिवा रात्रभर जळत असेल, तर झाडाला रात्र मोठी झाल्याचं कळतच नाही. कुंडी दिव्यापासून दूर, अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवली की अनेकदा काम होतं. गुलाबाला मात्र पुण्या-नाशिकची थंडी इथे कुठून आणणार? त्यातल्या त्यात गावठी गुलाब तग धरतो.

दुसरी ओळख मातीची. दादरच्या फुटपाथवरून किंवा हातगाडीवरून घेतलेल्या रोपाची काळी पिशवी फाडून पाहावी. आत बऱ्याचदा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो एकदा सुकला की विटेसारखा होतो. घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेने खाली निघून जातं, कुंडीखालची बशी भरते आणि मुळं कोरडीच राहतात. रोप मरतं तहानेने, आणि घरी वाटतं पाणी जास्त झालं. तो गोळा बादलीत पंधरा मिनिटं बुडवावा, बाहेरची माती बोटांनी हलकेच सैल करावी आणि शेणखत, कोकोपीट, थोडी वाळू मिसळलेल्या मातीत लावावा. जून ते सप्टेंबर मुंबईत २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा कुंडी विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवली की तळाची भोकं मोकळी राहतात. बशी आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासावी. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत जेमतेम आठवडा-दहा दिवस पुरतात.

परदेशी झाडं या शहरात रुजवण्याची हौस जुनी आहे. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीला गेली, तेव्हा बाग भायखळ्याला हलली. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली, आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. तिथे आफ्रिकेचा गोरखचिंच आहे, लालभडक झुंबरं लोंबवणारी ब्रह्मदेशची उर्वशी आहे. चाळीतल्या माणसाने मुलांना एकदा तरी तिच्याखाली उभं करावं.

सदाफुलीही अशीच पाहुणी, मादागास्करची. रंगाच्या डब्यात, गटाराच्या फटीत, कुठेही फुलते. तिच्यापासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन हे औषध मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर जगभर दिलं जातं. परळमध्ये टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं, आणि त्या परिसरातल्या कठड्यांवरही ही फुलं दिसतात. पण औषध झाडातून शुद्ध करून, मोजून दिलेलं असतं. पानं विषारी आहेत, मधुमेहासाठीसुद्धा ती चघळू नयेत. शेंग तडकली की मोहरीपेक्षा बारीक काळं बी खाली पडतं. पहिल्या पावसानंतर कठड्याच्या भेगेत चार पानांचं रोप दिसलं, की ते चमच्याने मुळासकट उचलावं आणि डब्याच्या तळाला खिळ्याने भोकं पाडून त्यात लावावं.