तोल सांभाळणारा कान

मागील घटकात आपण वाग्ध्वनींचे श्रवण कसे होते, हे पाहिले. परंतु कानाचे कार्य श्रवणापुरतेच मर्यादित नाही. आंतरकर्णात, शंखाकृती श्रवणेंद्रियाला लागूनच, शरीराची हालचाल व तोल जाणणारी यंत्रणा असते.

या यंत्रणेचे दोन भाग आहेत. पहिला भाग तीन अर्धवर्तुळाकार नलिकांचा. त्या परस्परांशी जवळजवळ काटकोनात असल्याने डोके कोणत्याही दिशेला वळले, तरी त्याची नोंद होते. डोके वळताच नलिका वळते. तिच्यातील द्रव मात्र जडत्वामुळे मागे राहतो. त्यामुळे संवेदी पेशींवरील केसांसारखे सूक्ष्म तंतू वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. दुसरा भाग दोन लहान पिशव्यांचा. त्यांतील पटलावर कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक असतात. एस.टी. सुटताना वा थांबताना, तसेच डोके कलताना ते सरकतात.

नलिकांना फिरण्याची गती नव्हे, तर गतीतील बदल कळतो. फुगडी घालताना काही वेळाने द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो. फुगडी थांबली, तरी तो काही क्षण पुढे सरकत राहतो. म्हणून स्थिर अंगणही गरगरताना दिसते.

कृती : ही पुस्तिका स्थिर धरून, डोके डावीकडे-उजवीकडे हलवत ही ओळ वाचा. आता डोके स्थिर ठेवून पुस्तिका तितक्याच वेगाने हलवा. दुसऱ्या वेळी अक्षरे पुसट होतात. पहिल्या वेळी आंतरकर्णाच्या संदेशानुसार डोळे डोक्याच्या विरुद्ध दिशेला वळतात आणि अक्षरांवर खिळून राहतात. म्हणजेच वाचनालाही कानाचे साहाय्य असते.

या यंत्रणेवरील संशोधनासाठी व्हिएन्नाचे कर्णरोगतज्ज्ञ रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कानात थंड वा गरम पाणी सोडल्यास भोवळ का येते, याचा त्यांनी उलगडा केला.

हे ज्ञान घरातही उपयोगी आहे. उतारवयात काही स्फटिक सुटून नलिकेत शिरतात; मग कूस बदलताच घर फिरू लागते. 'अशक्तपणा असेल' म्हणून आपण आजीला विश्रांती घ्यायला सांगतो. वस्तुतः तज्ज्ञ डॉक्टर डोके विशिष्ट क्रमाने वळवून ते स्फटिक बहुधा पूर्वस्थानी आणू शकतात. भोवळीमागे इतर कारणेही असू शकतात. म्हणून तपासणी आवश्यक ठरते. भोवळीची तक्रार वेळीच ऐकली, तर एखादे पडणे टळू शकते.