घरचे मार्शमॅलो : नैसर्गिक खरे, पण बाळासाठी नव्हेत

डिसेंबर उजाडला की गोव्यात, वसईत आणि मुंबईतल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये नाताळच्या फराळाची लगबग सुरू होते. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, बिबिंका हे कुस्वारच्या ताटातले जुने मानकरी. आता सुट्टीचा खाऊ म्हणून मुले मार्शमॅलोही मागू लागली आहेत, आणि ज्या घरात नाताळ होत नाही तिथलीही मागतात. कापसासारखा मऊ, पांढरा किंवा गुलाबी असा हा तुकडा मूळचा युरोप-अमेरिकेतला. बाजारच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचून काही पालक तो घरीच, ‘नैसर्गिक’ जिन्नस वापरून करतात. कृत्रिम रंगाऐवजी बीट, इसेन्सऐवजी वेलची आणि साखरेऐवजी मध. विचार चांगला आहे. मात्र ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून काही गोष्टी नजरेआड होतात आणि त्यांतली एक तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

नाव झाडाचे, पदार्थ वेगळाच

मार्शमॅलो हे मुळात एका वनस्पतीचे नाव. दलदलीच्या जागी वाढणारी ही वनस्पती भेंडी आणि जास्वंदीच्या कुळातली. भेंडी चिरताना हाताला जसा चिकट, बुळबुळीत द्रव लागतो, तसाच तिच्या मुळांत भरपूर असतो. युनानी वैद्यकात हिलाच खत्मी म्हणतात आणि खोकल्याच्या जोशांद्यात तिच्या बिया घालतात. १९व्या शतकात फ्रान्समधले मिठाईवाले तिच्या मुळांचा रस, अंड्यातला पांढरा भाग आणि साखर एकत्र फेटून वडी करत. पुढे मुळांच्या रसाची जागा जिलेटिनने घेतली. आजच्या मार्शमॅलोत ही वनस्पती नसते, फक्त तिचे नाव उरले आहे.

जिलेटिन प्राण्यांच्या कातडीतल्या आणि हाडांतल्या कोलॅजेन या प्रथिनापासून बनते. म्हणजे ते नैसर्गिक आहे, पण शाकाहारी नाही. ते साधारण शरीराच्या तापमानाला विरघळते, म्हणून मार्शमॅलो तोंडात टाकताच वितळतो. शाकाहारी घरांत समुद्रशेवाळापासून मिळणारे अगर, म्हणजेच चायना ग्रास, वापरता येते. ते तोंडात वितळत नाही, त्यामुळे वडी थोडी घट्ट लागते.

घरी करायचे तर

२० ग्रॅम जिलेटिन १०० मिलिलिटर गार पाण्यात दहा मिनिटे भिजवावे. जाड बुडाच्या पातेल्यात २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम मध, ७५ मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून पाक करावा. पाक ११५ अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवा. तापमापी नसेल तर थेंबभर पाक गार पाण्यात टाकून त्याची मऊ गोळी होते का ते पाहावे. हा आपला नेहमीचा गोळीबंद पाक. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असल्यामुळे साखरेचे खडे परत जमत नाहीत. मध नको असेल तर पाकात लिंबाचे थोडे थेंब पिळावेत. आम्लामुळे साखरेचा काही भाग याच दोन शर्करांत मोडतो आणि तोच परिणाम साधतो.

पाक मिनिटभर निवू द्यावा आणि जिलेटिनवर बारीक धारेने ओतत यंत्राने आठ-दहा मिनिटे फेटावा. मिश्रण पांढरे, दाट आणि दुपटीहून अधिक फुगलेले झाले की कॉर्नफ्लोअर व पिठीसाखर भुरभुरलेल्या ताटात ओतून सहा-आठ तास ठेवावे. मग वड्या पाडून त्या पुन्हा त्याच पिठात घोळवाव्यात आणि हवाबंद डब्यात ठेवून आठवडाभरात संपवाव्यात. कच्च्या अंड्यातला पांढरा भाग घालण्याची पद्धत जुनी असली, तरी त्यातून साल्मोनेला जंतूंचा धोका संभवतो. जिलेटिन असताना अंड्याची गरजच नाही.

बीटचा रस, केशर किंवा गोकर्णाच्या फुलांचा अर्क फेटण्याच्या शेवटी घालावा. बीटचा रंग उष्णतेने फिका पडतो. ताजा अननस, पपई किंवा किवी मात्र घालू नये. त्यांच्यातली विकरे जिलेटिनचे प्रथिनच तोडतात आणि मिश्रण जमत नाही. फळाचा रस आधी उकळून घेतला तर ही अडचण राहत नाही.

मधही साखरच

घरच्या पदार्थाचा खरा फायदा म्हणजे त्यात काय घातले ते आपल्याला माहीत असते. २०२४ मध्ये तामिळनाडूत म्हातारीच्या केसांत, म्हणजे कॉटन कँडीत, रोडामाइन बी हा कपड्यांना वापरतात तो रंग सापडला आणि तिथे त्या मिठाईवर बंदी आली. अशा रंगाची भीती घरच्या वडीत नाही. परंतु साखर आहे तेवढीच राहते.

मध झाडावरच्या फुलांतून आला आणि साखर कारखान्यातून, हा फरक शरीराच्या दृष्टीने फार मोठा नाही. जागतिक आरोग्य संघटना मधाची गणना ‘मुक्त शर्करे’तच करते. दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी मुक्त शर्करेचा वाटा १० टक्क्यांहून कमी असावा आणि जमल्यास ५ टक्क्यांहून कमी, असा या संघटनेचा २०१५चा सल्ला आहे. वरच्या प्रमाणात ३६ वड्या झाल्या, तर एका वडीत सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन चहाचे चमचे साखर येते. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३०० ते १४०० किलोकॅलरी लागतात. त्याच्या ५ टक्के म्हणजे १७ ग्रॅमच्या आसपास. दोन वड्यांतच हा वाटा संपतो. चहा-दूध, बिस्किटे आणि केक यांतली साखर वेगळीच. मधुमेही व्यक्तींनीही ‘मधाचे आहेत’ म्हणून जास्त खाऊ नयेत. वडी दातांना चिकटते, त्यामुळे खाल्ल्यावर मुलांना चूळ भरायला लावावी.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको

आता सर्वांत महत्त्वाचे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा वाढत नाहीत. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करू शकतात आणि स्नायू लुळे पडतात. हा आजार १९७६ मध्ये अमेरिकेत प्रथम ओळखला गेला.

मध पाकात उकळल्यावर हा धोका जातो, हा समज चुकीचा आहे. हे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. ते नष्ट करायला दाबाखालील १२१ अंशांची वाफ लागते. ११५ अंशांचा पाक त्यासाठी पुरेसा नाही. मध शुद्ध, सेंद्रिय किंवा घरच्या पेटीतला असला तरी धोका तोच. आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटवण्याची आणि गुटी मधात उगाळून देण्याची प्रथा अजूनही आहे. ती याच कारणासाठी थांबायला हवी. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत मध कोणत्याही रूपात देऊ नये.

बाळाला बद्धकोष्ठता झाली, दूध ओढण्याचा जोर कमी झाला, रडणे क्षीण झाले, पापण्या जड झाल्या किंवा मान सैल पडली, तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात न्यावे आणि मध दिला असल्यास डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक बाळे बरी होतात.

गळा आणि गरम पाक

मार्शमॅलो मऊ असल्यामुळे सुरक्षित वाटतो. परंतु तो दाबला जातो आणि श्वासनलिकेत बुचासारखा बसतो. तोंडात जास्तीत जास्त मार्शमॅलो कोंबण्याच्या खेळात परदेशात मृत्यू झाले आहेत. चार वर्षांखालील मुलांना अख्खी वडी देऊ नये. त्यांच्यापेक्षा मोठ्या मुलांनीही बसून, एका वेळी एकच, चावून खावी. घास अडकून मुलाला खोकता किंवा बोलता येईनासे झाले, तर त्याला पुढे वाकवून पाठीवर खांद्याच्या फऱ्यांमध्ये पाच जोरकस थापा माराव्यात. न दिसणारा घास काढण्यासाठी घशात बोट घालू नये, त्याने घास आणखी आत जातो. थापांनी सुटला नाही तर वर्षावरील मुलाच्या मागे उभे राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत व वरच्या दिशेने दाब द्यावा आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी १०८ क्रमांकावर फोन करायला सांगावे.

पाक करताना मुलांना शेगडीपासून लांब ठेवावे. उकळते पाणी ओघळून जाते, पाक मात्र कातडीला चिकटून भाजत राहतो. भाजलेला भाग लगेच वाहत्या नळाखाली २० मिनिटे धरावा आणि अंगठी, बांगड्या काढाव्यात. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये. फोड मोठे असतील किंवा चेहरा, हात भाजला असेल तर रुग्णालय गाठावे.

मुलांना स्वयंपाकघरातच घ्यायचे असेल, तर पाक ओतून झाल्यावर त्यांना बोलवावे. वड्या पिठात घोळवणे, रंग निवडणे आणि डब्यात भरणे ही कामे त्यांना आवडतील अशीच आहेत. घरात तान्हे बाळ असेल तर मध वगळून लिंबाच्या पाकाची वडी करावी, म्हणजे कुणी चुकून तिच्या पाकाचे बोट बाळाला चाटवले तरी मध पोटात जाणार नाही.